गालाच्या आतलं सारवण

गालाच्या आतून काडीने खरवडून काढलेली पेशी सूक्ष्मदर्शकाखाली भाकरीच्या पापुद्र्यासारखी दिसते. चपटी, पातळ, कडेला कुठेतरी दुमडलेली आणि मधोमध केंद्रकाचा निळा ठिपका. शाळेच्या प्रयोगशाळेत हे बहुतेकांनी एकदा तरी पाहिलेलं असतं. आधी चूळ भरायची. आइस्क्रीमच्या काडीचं बोथट टोक गालावर आतून दोन-तीनदा हलकेच फिरवायचं. काचपट्टीवर मिठाच्या सौम्य पाण्याच्या थेंबात ते मिसळायचं, मिथिलीन ब्लूचा एक थेंब टाकायचा आणि आच्छादन काच तिरकी टेकवत अलगद सोडायची, म्हणजे बुडबुडा राहत नाही. साधं पाणी घेतलं तर पेशी फुगते. काडी जोरात ओढली तर रक्त येतं आणि पापुद्र्यांऐवजी रक्तपेशींचीच गर्दी दिसते. पेशीची रुंदी मिलिमीटरच्या साधारण पंधराव्या भागाएवढी, आणि केंद्रक त्याच्याही आठव्या-दहाव्या हिश्शाचं.

ही पेशी काडीला इतक्या सहज का लागते, हा प्रश्न मात्र जर्नलमध्ये आकृती काढून झाली की मागेच राहतो. ती सुटते, कारण ती सुटायच्या बेतातच असते. गालाचं अस्तर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यात पेशींचे चाळीस-पन्नास थर एकावर एक रचलेले. सगळ्यात खालचा थर पायाचा, आणि विभाजन होतं ते फक्त तिथल्या आणि त्याला लागून असलेल्या पेशींचं. नवी पेशी जन्मली की जुनीला वर ढकलते. वर सरकता सरकता ती चपटी होत जाते, शेजारणींशी टाके घालून घट्ट राहते आणि शेवटी घासाबरोबर, पाण्याच्या चुळीबरोबर निघून जाते. पायापासून पृष्ठभागापर्यंतचा हा प्रवास साधारण दोन आठवड्यांचा. त्वचेला यासाठी महिना-दीड महिना लागतो. अमावास्येला तोंडात जे अस्तर होतं, त्यातलं पौर्णिमेला फारसं काही उरलेलं नसतं.

माळवदाच्या घरात जमीन सारवतात ती अशीच, ठराविक दिवसांनी वरून ताजा थर. तोंडातलं सारवण शरीर दर पंधरवड्याला, कुणी न सांगता करत असतं. ज्वारीची कडक भाकरी, ठेच्याचा जाळ, उकळता चहा हे सगळं सोसता यावं म्हणून ही तजवीज आहे. धुरासाठी ती केलेली नव्हती.

सिगारेट ओढताना तिच्या जळत्या टोकाचं तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या घरात जातं. तोंडापर्यंत येणारा धूर पुष्कळ निवलेला असतो, पण कोरडा आणि ऊनच. जसजसं थोटूक लहान होतं तसतसा तो जास्त ऊन लागतो. बिडीची गोष्ट त्याहून वेगळी. तिच्यात तंबाखू पाव ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सिगारेटच्या निम्म्याहून कमी. म्हणून ती ‘हलकी’ असा समज गावोगावी आहे. पण तेंदूच्या पानाला कागदासारखी छिद्रं नसतात. बाहेरची हवा आत शिरून धूर पातळ होत नाही. शिवाय बिडी विझते, म्हणून ती सारखी आणि जोराने ओढावी लागते. त्यामुळे कमी तंबाखूतूनही निकोटिन आणि डांबर सिगारेटइतकं किंवा जास्तच मिळतं. आणि बिडी ओठाला चटका बसेपर्यंत, अगदी दोऱ्यापर्यंत ओढली जाते. त्या धुरात सात हजारांवर रसायनं आहेत आणि त्यातली सत्तरच्या आसपास कर्करोग घडवणारी म्हणून ओळखली गेली आहेत.

पहिला बदल अगदी साध्या बुद्धीला पटेल असा आहे. कोयता धरणाऱ्या तळहाताला घट्टे पडतात, तसं धुराच्या माऱ्याखालचं अस्तर जाड होतं. हिरड्यांवर आणि टाळूच्या पुढच्या कडक भागावर केराटिनचा, म्हणजे नखांत असतं त्या टणक प्रथिनाचा, थर मुळातच असतो. घास तिथेच रगडला जातो. गाल, ओठांची आतली बाजू, जिभेखालची जागा यांच्यावर तो नसतो, म्हणून तो भाग मऊ, ओला आणि गुलाबी दिसतो. धूर रोज लागू लागला की या मऊ भागातल्या पेशीही केराटिन बनवायला लागतात. लाळेत भिजलेलं केराटिन पांढरं दिसतं, पाण्यात फार वेळ राहिलेल्या तळपायासारखं. काचपट्टीवर हे फार स्पष्ट कळतं. पॅपॅनिकोलाऊ पद्धतीने रंगवलं तर निरोगी गालाच्या पेशी निळसर-हिरव्या आणि फिक्या गुलाबी दिसतात. केराटिन धरलेल्या पेशी नारिंगी होतात. रोज ओढणाऱ्याच्या पट्टीवर नारिंगी पापुद्र्यांची संख्या वाढलेली असते, काहींचं केंद्रक आक्रसलेलं, काहींचं पार विरून गेलेलं. पापुद्रा राहतो, ठिपका जातो.

या घट्ट्याचा एक फसवा फायदाही होतो. बिडी ओढणाऱ्याला तोंड येण्याचा त्रास, म्हणजे त्या बारीक झोंबणाऱ्या फोडांचा, कमी होतो. बिडी सोडल्यावर अस्तर पुन्हा मऊ होतं आणि काहींना ते फोड काही आठवडे येतात. “सोडली आन् तोंड यायलंय” ही तक्रार खरी असते. ती ऐकून कुणी परत बिडी पेटवू नये, म्हणून ती आधीच सांगून ठेवायला हवी.

दुसरा बदल डोळ्यांना दिसत नाही. धुरातला बेंझोपायरिन हा पदार्थ पेशीत शिरतो तेव्हा स्वतः निष्क्रिय असतो. पेशी त्याला पाण्यात विरघळणारा करून बाहेर टाकायला निघते, आणि या सफाईच्या अधल्यामधल्या पायरीवर जो पदार्थ तयार होतो तो डीएनएमधल्या ग्वानिन या अक्षराला जाऊन चिकटतो. पुढच्या विभाजनात त्या जागी चुकीचं अक्षर बसतं. तंबाखूतले खास नायट्रोसामिन, धुरातलं फॉर्माल्डिहाइड, असेटाल्डिहाइड हेही असाच उद्योग करतात. चुका दुरुस्त करणारी यंत्रणा पेशीत आहे. पी-५३ नावाचं जनुक विभाजन थांबवून दुरुस्तीला वेळ मिळवून देतं, आणि बिघाड फार असेल तर पेशीला मरायला लावतं. चूक नेमकी याच जनुकात झाली तर पुढे चुका मोजायला कुणी उरत नाही. सोबत दारू असेल तर धोका दोन्हींच्या बेरजेपेक्षा पुष्कळ वाढतो, कारण दारूने अस्तर या पदार्थांना जास्त सहज आत घेतं आणि दारूचं स्वतःचंही असेटाल्डिहाइडच होतं.

ही मोडतोड मोजायची एक स्वस्त रीत आहे. पायाच्या थरात पेशी विभागताना गुणसूत्राचा तुकडा तुटला किंवा एखादं अख्खं गुणसूत्र मागे राहिलं, तर ते मुख्य केंद्रकात सामावत नाही. त्याच्याभोवती वेगळं आवरण तयार होऊन शेजारी एक छोटं केंद्रक उरतं, सूक्ष्मकेंद्रक. ते बनतं खाली, दिसतं वर आल्यावर. आज खरवडलेली पेशी दोन-तीन आठवड्यांपूर्वीची हकिगत सांगते. काल रात्रीच्या बिडीची नोंद अजून खालच्या थरात असते.

मोजणी म्हटली तर सोपी. दोन्ही गालांचा नमुना घ्यायचा, पातळ पसरायचा, लगेच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये निदान पंधरा मिनिटं ठेवायचा, रंगवायचा आणि दोन हजार पेशी पाहायच्या. चुका होतात त्या याच पायऱ्यांवर. चूळ न भरता नमुना घेतला तर अन्नाचे कण आणि जंतू चिकटून येतात. पट्टी अल्कोहोलमध्ये जायच्या आधी हवेत सुकली तर केंद्रकं फुगतात, रंग नीट धरत नाहीत आणि आहे त्याहून मोठी भासतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात यासाठी काही सेकंदही पुरतात. जिम्सा रंगात केराटिनचे कण आणि जंतूही जांभळे होतात आणि सूक्ष्मकेंद्रक म्हणून मोजले जातात. फॉइलगेन रंग फक्त डीएनए धरतो, म्हणून तो वेळखाऊ असला तरी भरवशाचा. सूक्ष्मकेंद्रक म्हणायचं तर ते गोल हवं, मुख्य केंद्रकाच्या व्यासाच्या एक तृतीयांशाहून लहान हवं, त्याच छटेचं आणि सूक्ष्मदर्शकाच्या त्याच पातळीवर स्पष्ट दिसणारं हवं. दुमडलेल्या आणि एकमेकींवर चढलेल्या पेशी सोडून द्यायच्या. तंबाखूचा संबंध नसलेल्या निरोगी माणसात हजार पेशींमागे अशी एखाद-दुसरी मिळते, कधी एकही नाही. खूप ओढणाऱ्यांच्या गटात ती संख्या चढते. गटांची तुलना करायला हे साधन उत्तम आहे. पण या आकड्यावरून एकट्या माणसाला ‘तुला होणार’ किंवा ‘तुला होणार नाही’ असं सांगणं चूक आहे, आणि शिबिरांत तसं सांगू नये असं मला मनापासून वाटतं.

अस्तरावर धुराच्या आणखी खुणा असतात. टाळू करडी-पांढरी होते आणि तिच्यावर लाल ठिपके उठून दिसतात. ती लाळेच्या बारीक ग्रंथींची सुजलेली तोंडं. ही मुख्यतः उष्णतेची खूण, आणि ओढणं थांबलं की काही आठवड्यांत जाते. पुढच्या हिरड्या काळपट होतात, कारण धुरापासून वाचवायला तिथल्या रंगपेशी जास्त रंग बनवतात. आपल्याकडे अनेकांच्या हिरड्या लहानपणापासूनच सावळ्या असतात, दोन्ही बाजूंना सारख्या; ती वेगळी गोष्ट. धुराचा काळेपणा मोठेपणी येतो आणि सोडल्यावर काही महिन्यांपासून दोन-तीन वर्षांत फिका पडतो.

हिरड्यांचं मौन मला सगळ्यात घातक वाटतं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. दाताभोवती कीटण साचलेलं असतं, आतलं हाड झिजत असतं, पण हिरडी सुजत नाही आणि ब्रश करताना रक्त येत नाही. माणूस समजतो, आपले दात भक्कम आहेत. मग एक दिवस दात हलायला लागतो. बिडी सोडल्यावर काही आठवड्यांनी रक्तपुरवठा पूर्ववत होतो आणि दबलेली सूज उघड होते. रक्त येऊ लागतं. ते बरं होण्याचं चिन्ह आहे, दातांच्या डॉक्टरांकडून कीटण काढून घेण्याची ती वेळ.

“बिडीनं काय होत नसतंय, मी काय तंबाखू खात नाही” हे जितक्या ठामपणे ऐकू येतं, तितक्याच ठामपणे उलटंही ऐकू येतं: “मी ओढत नाही, नुसती चिमूट धरतो.” महाराष्ट्रात दुसऱ्या प्रकारची माणसं कितीतरी जास्त. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले सुमारे २७ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले, आणि त्यात धूर ओढणारे ४ टक्क्यांच्या आतच. दोन्ही सवयींतला फरक अस्तराच्या पेशींवरूनच कळतो. निकोटिन पेशीच्या आवरणातून आरपार जातं ते आजूबाजूला अल्कधर्मी वातावरण असेल तेव्हा. सिगारेटचा धूर किंचित आम्लधर्मी, म्हणून त्यातलं निकोटिन गालातून फारसं शिरत नाही; तो छातीत घ्यावा लागतो. तळहातावर तंबाखूत चुना मळतात तो याच कामासाठी. चुन्याने आम्लता मोडते, निकोटिन मोकळं होतं आणि खालच्या ओठामागे धरलेल्या चिमटीतून दोन-चार मिनिटांत रक्तात उतरतं. चुना अस्तरालाही भाजतोच. मिसरी या दोन्हींच्या मध्ये बसते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत जाळायची, कुटायची आणि बोटाने हिरड्यांना लावायची. बाई धूर ओढत नाही, पण जळलेल्या तंबाखूतले पदार्थ थेट हिरडीवर चोळते. सुपारीचा बिघाड आणखी वेगळा, तो अस्तराच्या खालच्या धाग्यांचा: गाल ताठ होतो, तोंड उघडेनासं होतं. आपलीच तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये जात नसतील तर ती धोक्याची खूण.

आता पांढरा डाग. कापसाने किंवा स्वच्छ फडक्याने पुसल्यावर निघाला तर तो बहुधा बुरशीचा, औषधाने जातो. पुसून निघत नाही, दाताच्या धारेशी किंवा दुसऱ्या कुठल्या आजाराशी जोडता येत नाही, तो ल्यूकोप्लाकिया. बिडी ओढणाऱ्यांत तो ओठांच्या कोपऱ्याच्या आत, दोन्हीकडे, त्रिकोणी आकारात फार वेळा सापडतो. सपाट, एकसारखा पांढरा डाग तुलनेने शांत. बहुतेक डाग कर्करोगात बदलत नाहीत. पांढऱ्यात लाल ठिपके मिसळले, पृष्ठभाग खडबडीत झाला, डाग जिभेच्या कडेला किंवा जिभेखाली असला, की काळजी वाढते; जिभेखालचं अस्तर गालाच्या निम्म्याहूनही पातळ आहे. आणि मखमलीसारखा नुसता लाल डाग, जो दुखत नाही म्हणून कुणी दाखवत नाही, तो सगळ्यात वाईट. त्याचा तुकडा तपासला तर बहुतेक वेळा आत मोठा बिघाड किंवा कर्करोगच निघतो.

तोंडाच्या अस्तराला दोन घड्याळं आहेत. वरचं पंधरवड्याचं. बिडी थांबली की टाळूचे ठिपके जातात, नारिंगी पापुद्रे कमी होतात, चव परतते, पुष्कळ पांढरे डागही विरघळतात. खालचं घड्याळ वर्षांचं. पायाच्या थरातल्या मूळ पेशी झडून जात नाहीत; त्यांच्यात बसलेली चूक प्रत्येक नव्या सारवणात उतरते. घुशीने खालून पोखरलेली जमीन वरून कितीही ताजी सारवलेली असली तरी पाय आत जातो तो जातोच. शिवाय एकच पेशी बिघडलेली नसते. १९५३ मध्ये अमेरिकेत स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या गाठींच्या आसपासचं, वरून चांगलं दिसणारं अस्तर तपासलं तेव्हा तेही बदललेलं आढळलं. तण एका वाफ्यात उगवलेलं दिसतं, बी सगळ्या वावरात पडलेलं असतं. म्हणून एक गाठ काढली तरी बाकीच्या तोंडावर वर्षानुवर्षं नजर ठेवावी लागते. तरीही सोडण्याचा फायदा ठोस आहे: पाच ते दहा वर्षांत तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका जवळपास निम्म्यावर येतो.

पाहणी घरी करता येते. दारात, दिवसाच्या उजेडात आरसा धरायचा. कवळी असेल तर काढून ठेवायची. ओठ उलटून पाहायचे. बोटाने गाल बाहेर ओढून कोपऱ्यापासून अक्कलदाढेपर्यंत पाहायचं. जिभेचं टोक फडक्यात धरून ती दोन्हीकडे ओढायची आणि कडा पाहायच्या. जीभ टाळूला लावून खालची जागा बघायची, मान मागे टाकून टाळू. शेवटी जबड्याखाली आणि मानेवर गाठ लागते का ते चाचपायचं. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन असंच बॅटरीच्या उजेडात तोंड पाहिलं, आणि तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीनंतर दर पाच वर्षांनी तोंडाची तपासणी आहे. रोज बिडी ओढणाऱ्याला पाच वर्षं फार लांब. त्याने सहा महिन्यांनी दाखवावं.

फोड किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर तुकडा तपासावा, हा नियम त्याच पंधरवड्यावर उभा आहे. टोचणारा दात घासून गुळगुळीत केल्यावर निरोगी अस्तराला तेवढा वेळ पुरतो. पुरला नाही तर कारण खाली आहे. तुकडा डागाच्या सगळ्यात पांढऱ्या भागातून घेतला तर नुसतं केराटिन हाती लागतं. तो लालसर भागातून, पायाचा थर येईल इतक्या खोलीचा हवा, चिमट्यात न चिरडलेला, आणि लगेच १० टक्के फॉर्मालिनमध्ये. “तुकडा काढला की पसरतंय” ही भीती घराघरांत आहे. ती खरी नाही. पसरतो तो न तपासता घालवलेल्या महिन्यांत. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय, घाटी (तिथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) आणि शासकीय कर्करोग रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, मराठवाड्यात इतक्या ठिकाणी ही सोय आहे.

सोडायला आधार लागतो. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. निकोटिनच्या च्युइंगगमच्या गोळ्या चघळण्याचीही रीत आहे: तोंडात झिणझिण्या येईपर्यंतच हळू चावायची, मग गाल आणि हिरडी यांच्यात दाबून ठेवायची, चव गेली की पुन्हा चावायची, अशी अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा नको. आम्लता वाढली की निकोटिन गालातून शिरत नाही, माणूस म्हणतो गोळी लागू पडत नाही, आणि बिडी पेटते.

बीड आणि आसपासच्या गावांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेला माणूस पाच-सहा महिने परतत नाही. दोन आठवड्यांनी या, असं त्याला सांगितलेलं वाया जातं, कारण तोवर त्याचा फड तीनदा बदललेला असतो. डाग असेल तर त्याने गाव सोडण्याआधीच तपासणीचा तुकडा काढून घ्यावा. मोबाइलवर डागाचा उजेडात फोटो काढावा, शेजारी मोजपट्टी धरून. तारीख, जागा आणि लांबी-रुंदी आशाताईंकडून कागदावर लिहून घ्यावी, अहवालाची प्रत त्याला जोडावी आणि ते सगळं प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्डाबरोबर ठेवावं. कारखान्याच्या गावातल्या डॉक्टरला मग डाग वाढला की आटला, हे पाहताक्षणी कळतं.